वीस हजार वेळा काही झाले नाही

रासायनिक कारखान्यात स्फोट झाला, की धूर विरण्यापूर्वीच दोन वाक्ये कानांवर येतात. पहिले व्यवस्थापनाचे : 'सदर पदार्थ स्फोटक वर्गात मोडत नव्हता.' दुसरे शासनाचे : 'चौकशी समिती नेमण्यात आली आहे.' दुसऱ्या वाक्याची पुढे काय वासलात लागते, हे कामगारांना अनुभवाने ठाऊक झाले आहे. पहिल्या वाक्याकडे मात्र कामगार चळवळीने आजवर पुरेसे लक्ष दिलेले नाही. त्यात शास्त्राचा दाखला असतो, प्रयोगशाळेचा शिक्का असतो. आणि शिक्का दिसला, की एरवी दारूगोळ्यासारखा बोलणारा कार्यकर्ताही चाचरतो. वस्तुतः हे पहिले वाक्य पुष्कळदा खरे असते. ते खरे असूनही माणसे मरतात, हाच यातला मूळ प्रश्न आहे.

जर्मनीत ऱ्हाइन नदीच्या काठी ओपाउ येथे बीएएसएफ कंपनीचा खतांचा प्रचंड कारखाना होता. तेथे अमोनियम सल्फेट आणि अमोनियम नायट्रेट यांचे मिश्रण गोदामात साठवले जाई. हे मिश्रण हवेतली ओल शोषून स्वतःच्याच भाराखाली दगडासारखे घट्ट होई. कुदळीने फोडावे, तर वरचा कडा अंगावर कोसळण्याचे भय. म्हणून ढिगात भोके पाडायची, त्यांत सुरुंगाची दारू ठासायची आणि ढेप फोडायची, असा प्रघात पडला. खताच्या डोंगरात सुरुंग! ऐकणाऱ्याच्या अंगावर आज काटा येतो. पण त्या कारखान्यात हे वेड्यांचे काम समजले जात नव्हते, कारण त्यामागे प्रयोगशाळा उभी होती. मिश्रणातील नायट्रेटचे प्रमाण ६० टक्क्यांहून कमी असेल तर त्याचा स्फोट होत नाही, असे चाचण्यांवरून ठरले होते. आणि येथे ते जवळपास निम्मेच होते. असे सुमारे वीस हजार सुरुंग उडाले. काही झाले नाही.

२१ सप्टेंबर १९२१ रोजी सकाळी साडेसातच्या सुमारास झाले. गोदामात सुमारे ४,५०० टन माल होता. त्यातला जेमतेम दहावा हिस्सा फुटला असावा, असा अंदाज आहे. तेवढ्याने १२५ मीटर लांब, ९० मीटर रुंद आणि १९ मीटर खोल असा खड्डा पडला. मृतांचा आकडा ५६१ सांगितला जातो. ओपाउ गावातली बहुतेक घरे राहण्याजोगी उरली नाहीत. ज्यांनी शेवटचा सुरुंग लावला, ते काय घडले हे सांगायला मागे राहिले नाहीत.

आता पाहा, परीक्षा खोटी होती काय? नव्हती. प्रयोगशाळेत तपासलेला नमुना खरोखरच फुटला नव्हता. परंतु स्फोटाच्या काही महिने आधी कारखान्याने मिश्रण वाळवण्याची पद्धत बदलली होती. द्रावणाचा फवारा मारून ते वाळवले जाऊ लागले. त्यामुळे मालातला ओलावा सुमारे ४ टक्क्यांवरून २ टक्क्यांवर आला, दाणा बारीक आणि हलका झाला, आणि ढिगाच्या काही भागांत नायट्रेट अधिक प्रमाणात साचू लागले. उत्पादन बदलले, परीक्षेचा कागद तोच राहिला. शिवाय परीक्षा झाली होती चिमूटभर मालाची, आणि सुरुंग लागत होते हजारो टनांत. त्याच वर्षी २६ जुलै रोजी क्रीवाल्ड येथे रेल्वेच्या वाघिणीत घट्ट झालेले अमोनियम नायट्रेट सुरुंगाने सुटे करताना १९ माणसे मेली होती. ते शुद्ध नायट्रेट होते, 'आपले' मिश्रण वेगळे, असे म्हणण्यास ओपाउला पुरेशी जागा होती. नफ्याच्या गणितात असा फरक नेहमी सोयीच्या बाजूने पाहिला जातो.

ओपाउ ही शंभर वर्षांपूर्वीची गोष्ट झाली, आज शास्त्र पुष्कळ पुढे गेले आहे, असे कोणी म्हणेल. गेले आहे, यात शंका नाही. संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञ समितीने 'चाचण्या आणि निकष' या नावाची जाडजूड पुस्तिका सिद्ध केली आहे आणि जगभर पदार्थांची वर्गवारी तिच्या आधारे होते. तिच्यातील चाचण्या साध्या माणसालाही समजाव्यात अशा आहेत, आणि त्या कामगारांना समजावून सांगण्याचे कष्ट कोणी घेत नाही, ही खेदाची गोष्ट आहे. एका चाचणीत पदार्थाची अगदी लहानशी चिमूट पोलादी ऐरणीवर ठेवून तिच्यावर वजन सोडतात. सहा वेळा सोडून एकदा जरी स्फोट झाला, तरी तो धरायचा. एक किलोचे वजन वीतभर उंचीवरून पडल्याने जो आघात होतो, तेवढ्याने पदार्थ फुटत असेल, तर तो त्या स्वरूपात वाहतुकीस अयोग्य ठरतो. दुसऱ्या चाचणीत चिनी मातीच्या दोन पृष्ठभागांमध्ये तो घासून पाहतात. तिसरीत पातळ पोलादी नळी भरून तिचे तोंड भोक असलेल्या चकतीने बंद करतात आणि चारी बाजूंनी ज्वाळा लावतात; भोक किती लहान केले म्हणजे आतला वायू बाहेर पडू न शकल्याने नळीच्या चिंध्या होतात, हे त्यात मोजले जाते. आणखी एकीत शेजारी खराखुरा स्फोटक फोडून त्याचा धक्का या पदार्थातून पुढे धावतो काय, ते पाहतात. शेवटी बांधलेल्या खोक्यांची रास रचून तिच्याखाली जाळ करतात आणि रास एकदम उडते, तुकडे फेकते, की नुसती जळते, याची नोंद घेतात.

या परीक्षा ढोंगी आहेत, असे कोणी समजू नये. त्या काटेकोर आहेत आणि त्यांनी असंख्य जीव वाचवले आहेत. प्रश्न त्यांच्या काटेकोरपणाचा नाही. प्रश्न त्या कशासाठी रचल्या गेल्या, हा आहे. ही सारी मांडणी मुळात मालाच्या वाहतुकीसाठी झाली. जहाजाचा कप्तान, रेल्वे, बंदर आणि विमा कंपनी यांना माल हाती घेताना जे विचारायचे असते, ते तिच्यात विचारले गेले : वेष्टनात बांधलेला, तयार, नेण्यासाठी दिलेला हा पदार्थ कोणत्या वर्गाचा? कामगार ज्या पदार्थाशेजारी आठ-आठ, बारा-बारा तास उभा असतो, तो वेष्टनात नसतो. तो रिॲक्टरमध्ये उकळत असतो. त्यात अर्धीमुर्धी झालेली मधली संयुगे असतात, आदल्या बॅचचा गाळ असतो, नळीतून झिरपलेले पाणी असते, गंज असतो. या अवस्थेतल्या मालाला खोक्यावर लावायचे लेबल नसते, कारण या अवस्थेत तो विकला जात नाही. जे विकले जात नाही, त्याची परीक्षा नाही! बाजारपेठेने शास्त्राला घातलेली ही मर्यादा आहे आणि तिचे ओझे वाहतो तो मजूर.

सेंद्रिय पेरॉक्साइडांचे उदाहरण घ्यावे. हे पदार्थ स्वतःहून तापतात. कोणत्या तापमानाला ते आपोआप, वाढत्या वेगाने विघटित होऊ लागतील याचा एक आकडा काढला जातो आणि तो शीतगृहाच्या दारावर रंगवला जातो. पण हा आकडा पदार्थाचा अंगभूत गुण नव्हे. तो वेष्टनासह पदार्थाचा असतो, आणि तो साधारणतः ५० किलोंच्या वेष्टनाला धरून सात दिवसांच्या मुदतीत मोजलेला असतो. ओल्या कडब्याची मोठी गंजी आतून तापून पेटते, तोच कडबा मूठभर घेतला तर नुसता सुकतो, हे शेतकऱ्याच्या पोराला सांगावे लागत नाही. मूठभर कडब्याची ऊब बाहेर निघून जाते. गंजीच्या पोटातल्या उबेला वाट नसते. पेरॉक्साइडचेही तसेच. साठा जितका मोठा, तितके कमी तापमान त्याला पुरते. ५० किलोंना लागू असलेला आकडा काही हजार लिटरच्या भांड्यावर विश्वासाने लावणे म्हणजे मुठीवरून गंजीचा हिशेब करणे होय.

२३ मे २०२४ रोजी डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीत सेंद्रिय पेरॉक्साइडचे उत्पादन होणाऱ्या कारखान्यात स्फोट झाला आणि दहाहून अधिक माणसे गेली. त्याच वसाहतीत २६ मे २०१६ रोजी झालेल्या स्फोटात १२ जण मरण पावले होते. दोन्ही वेळा प्रथम 'बॉयलर फुटला' अशी हाकाटी झाली. बॉयलर हे सोयीचे पात्र आहे : ते जुने असते, मुके असते आणि त्याच्या पोटात पाण्याची वाफ असते, गुपित नसते. २०१६ च्या चौकशीतून नाव निघाले ते प्रोपार्जिल क्लोराइडचे. उष्णतेने वा आघाताने हा पदार्थ फुटू शकतो, ही गोष्ट रसायनशास्त्राला नवी नव्हती. ती त्या कारखान्यातल्या मजुराला आणि भिंतीपलीकडच्या बिऱ्हाडांना नवी होती. अहवाल रहिवाशांच्या हाती पडेपर्यंत दोन वर्षे उलटली. धोकादायक कारखाने शहराबाहेर हलवण्याच्या घोषणा तेवढ्या वेळच्या वेळी झाल्या. कारखाना पाताळगंगेला गेला म्हणून काय झाले? रिॲक्टरजवळ उभा राहणारा माणूस त्याच्यासोबतच जाणार.

अमेरिकेचा डंका पिटणाऱ्यांनी तेथलीही कथा ऐकावी. फ्लॉरिडातील जॅक्सनव्हिल येथे १९ डिसेंबर २००७ रोजी एका छोट्या कारखान्यात रिॲक्टर फुटून चौघे ठार झाले. त्या प्रक्रियेची एक लिटरच्या भांड्यात परीक्षा झाली होती. प्रत्यक्ष उत्पादन हजारो लिटरच्या भांड्यात चालू होते. सुमारे २०० अंश सेल्सिअसला दुसरी, अधिक प्रखर प्रक्रिया सुरू होते, ही गोष्ट कारखान्याला ठाऊकच नव्हती. आधीच्या काही बॅचमध्ये तापमान अनपेक्षितपणे चढले होते, तरीही काम पुढे रेटण्यात आले. १७५ वी बॅच शेवटची ठरली. (मृतांत मालकांपैकीही एक होता. अज्ञान कधी कधी वर्गभेद विसरते. त्यावर विसंबून मात्र कोणी राहू नये.) त्या देशाच्या रासायनिक सुरक्षा मंडळाने २००२ मध्ये असा अभ्यास प्रसिद्ध केला होता, की १९८० ते २००१ या काळात अनियंत्रित रासायनिक प्रक्रियांमुळे १६७ गंभीर घटना घडल्या, १०८ माणसे मेली, आणि यांतल्या निम्म्याहून अधिक घटनांतील रसायने सुरक्षा नियमांच्या यादीतच नव्हती.

यादी! आपल्याकडील १९८९ चे धोकादायक रसायनांविषयीचे नियमही भोपाळच्या प्रेतांवरून चालत आल्यावर सरकारला सुचले, आणि त्यांतही परिशिष्टांत नावे आणि अमुक इतक्या टनांच्या मर्यादा आहेत. नावाचा पदार्थ मर्यादेहून अधिक असेल तर कारखाना दखलपात्र. निनावी मिश्रण असेल, मर्यादेच्या थोडे खाली असेल, तर पुष्कळसे मालकाच्या सदसद्विवेकबुद्धीवर. ३० जून २०२५ रोजी तेलंगणातील पाशमैलारम येथे औषधाच्या गोळ्यांत भर घालण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या सेल्युलोजच्या भुकटीच्या कारखान्यात वाळवणी विभागात स्फोट होऊन पन्नासहून अधिक कामगार मेले किंवा बेपत्ता झाले; त्यांत बिहार, ओडिशा, उत्तर प्रदेशातून पोट भरायला आलेले अनेक होते. ही भुकटी रुग्ण गिळतो. घाऊक मालाच्या कोणत्याही वर्गात ती स्फोटक नाही. तीच हवेत उधळली आणि ठिणगी मिळाली, की स्फोट होऊ शकतो, आणि तो किती जोराचा होईल हे वीस लिटरच्या पोलादी गोळ्यात धूळ उडवून मोजता येते. ही परीक्षा अस्तित्वात आहे, फार अवघडही नाही. ती करा असे मालकाला कोण बजावणार?

अमोनियम नायट्रेटकडे पुन्हा वळले पाहिजे, कारण या पदार्थाने वर्गीकरणाचे राजकारण जितके उघडे केले तितके दुसऱ्या कशानेही नाही. १६ एप्रिल १९४७ रोजी टेक्सास सिटीच्या बंदरात ग्रॅनकॅम्प जहाजावर ते 'खत' अशी छापील अक्षरे असलेल्या कागदी पोत्यांतून भरले जात होते. पोती हाताला गरम लागत असल्याचे गोदीकामगारांच्या ध्यानात आले होते. कामगाराचा तळहात हे जगातले सर्वांत जुने तापमापक यंत्र आहे. पण त्याच्या नोंदीला कोणत्याही पुस्तिकेत स्थान नाही. किमान ५८१ माणसे मेली. हे खत अमेरिकी सरकारच्या कार्यक्रमाखाली तयार झाले होते, म्हणून वारसांनी सरकारवर दावा लावला. १९५३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो चार विरुद्ध तीन मतांनी फेटाळला. ४ ऑगस्ट २०२० रोजी बैरुत बंदरात जे सुमारे २,७५० टन फुटले, तेही वर्षानुवर्षे गोदामात पडून राहिलेलेच. त्या बातमीनंतर चेन्नईजवळ २०१५ पासून पडून असलेले सुमारे ७०० टन घाईघाईने हैदराबादकडे रवाना झाले. भारतात हा पदार्थ २०११ मध्ये स्फोटक म्हणून घोषित झाला आणि २०१२ मध्ये त्याचे स्वतंत्र नियम आले. पदार्थ तोच होता. ओपाउ आणि टेक्सास सिटीपासून तोच होता. त्याचे नाव बदलायला मात्र दिल्लीला नव्वद वर्षे लागली.

बरे, वर्गीकरण अचूक झाले, लेबल लागले, परवाना मिळाला. मग तरी मजूर सुरक्षित होतो काय? याचे उत्तर शोधायला नागपुराबाहेर अमरावती रस्त्यावर जावे. स्फोटकांचे नियंत्रण करणाऱ्या केंद्रीय संघटनेचे, 'पेसो'चे, मुख्यालय नागपुरात आहे. तिचे चाचणी केंद्र गोंडखैरीला आहे. याच रस्त्यावर बाजारगाव येथील स्फोटकांच्या कारखान्यात १७ डिसेंबर २०२३ रोजी नऊ कामगार ठार झाले, त्यांतल्या सहा स्त्रिया होत्या. सहा महिन्यांच्या आत, १३ जून २०२४ रोजी, धामणा येथील दुसऱ्या कारखान्यात स्फोट झाला आणि त्यातही बळी पडल्या त्या मुख्यत्वे पॅकिंग करणाऱ्या स्त्रियाच. येथे पदार्थाविषयी कोणाला शंका नव्हती. तो स्फोटक म्हणूनच बनत होता. या धंद्याचा जगभरचा पहिला नियम असा, की कमीत कमी माणसांनी, कमीत कमी माल, कमीत कमी वेळ हाताळावा. हा नियम रोजंदारीच्या अर्थशास्त्रात उलटा होतो : यंत्रापेक्षा बाईचे हात स्वस्त पडत असतील, तर एका खोलीत जास्तीत जास्त बायका बसवाव्यात. शास्त्राने धोका मोजून दिला. तो कोणी अंगावर घ्यायचा, हे मजुरीच्या दराने ठरवले.

मालकवर्गाचे उत्तर ठरलेले आहे. छोट्या कारखान्यांना या परीक्षा परवडत नाहीत. प्रत्येक बॅचचे कृतिपत्र बाहेर दिले तर धंद्याचे गुपित फुटेल. आणि निरीक्षकाचा जाच पुन्हा सुरू होईल. पहिल्या आक्षेपात तथ्य आहे, ते नाकारण्याचे कारण नाही. प्रक्रियेची उष्णता मोजणारी उपकरणे महाग आहेत आणि ती वापरणारे तज्ज्ञ थोडे आहेत. पण औद्योगिक वसाहतीच्या सांडपाण्यासाठी सामायिक शुद्धीकरण केंद्र उभे राहू शकते, तर सामायिक परीक्षागृह का उभे राहू नये? सांडपाणी रस्त्यावर दिसते, म्हणून त्याची व्यवस्था करावी लागते; रिॲक्टरच्या पोटातली उष्णता फुटेपर्यंत दिसत नाही, एवढाच फरक. दुसऱ्या आक्षेपाविषयी एवढेच म्हणता येईल, की जे गुपित मजुराच्या फुप्फुसात रोज जाते ते त्याच्या कानावर गेल्याने धंदा बुडत असेल, तर तो धंदाच तपासून पाहण्याजोगा आहे. आणि निरीक्षकाचा जाच? २१ नोव्हेंबर २०२५ पासून नवी कामगार संहिता लागू झाली. तिच्यात निरीक्षकाचे नावच 'निरीक्षक-तथा-सुविधाकर्ता' झाले आहे. जाच करणाऱ्याला सोयी पुरवणारा करून टाकल्यावर तक्रार कसली उरली?

आता थोडे स्वतःच्या घरात पाहणे भाग आहे. स्फोट झाला, की युनियनचे शिष्टमंडळ रुग्णालयात जाते, फाटकावर सभा होते, नुकसानभरपाईची रक्कम वाढवून घेतली जाते, वारसाला नोकरीचे आश्वासन मिळते. हे सारे आवश्यक आहे. परंतु यामुळे मृत्यूची किंमत ठरवण्याच्या वाटाघाटीत चळवळ पटाईत झाली आणि मृत्यूच्या कारणाची चर्चा व्यवस्थापनाच्या केबिनमध्येच राहिली. धोक्याची माहिती कामगाराला द्यावी, सुरक्षा समितीत त्याला स्थान असावे आणि तातडीच्या धोक्याची सूचना देण्याचा त्याला हक्क असावा, अशी कलमे भोपाळनंतर १९८७ मध्ये कारखाने अधिनियमात आली. किती कारखान्यांत किती कामगारांनी ती वापरली? कंत्राटी मजूर सुरक्षा समितीवर नाही, कारण तो कागदोपत्री कारखान्याचाच नाही. आणि कायम कामगाराला समितीची बैठक म्हणजे चहा-बिस्किटांचा अर्धा तास वाटतो. हा दोष मालकाच्या माथी मारून मोकळे होता येणार नाही.

रसायनशास्त्राची पदवी नसलेला कामगार परीक्षेच्या अहवालात काय वाचणार, अशी टिंगल होईल. त्याला रासायनिक समीकरणे वाचायची नाहीत. नमुना कोणत्या महिन्याच्या मालाचा होता आणि त्यानंतर पद्धत बदलली आहे काय. परीक्षा किती ग्रॅमवर झाली आणि भांड्यात किती टन आहे. नमुना किती अंशांपर्यंत तापवून पाहिला आणि थंड पाण्याचा पंप बंद पडला तर भांडे किती अंशांपर्यंत जाऊ शकते. एवढे विचारण्यास दहावीचे गणितही पुरून उरते. ओपाउत यातला पहिला प्रश्न कोणी विचारला असता, तर वाळवण्याची नवी पद्धत आणि जुना कागद समोरासमोर आले असते. हे प्रश्न महागाईभत्त्याच्या मागणीइतक्याच आग्रहाने मागणीपत्रात आले पाहिजेत, त्यांची उत्तरे मराठीत, आणि जेथे मजूर हिंदी वा ओडिया बोलणारे आहेत तेथे त्यांच्या भाषेत, पाळी बदलण्याच्या जागी लावली गेली पाहिजेत, आणि परीक्षा करणारी प्रयोगशाळा मालकाच्या बिलावर जगणारी असता कामा नये. उत्तर मिळेपर्यंत नवी बॅच चढवायची नाही, असा ठराव करायला वसाहतीतल्या एखाद्या युनियनने सुरुवात करावी. कंत्राटदाराची माणसे त्या ठरावात पहिल्या दिवसापासून असली पाहिजेत. भांड्याचे झाकण उघडायला बहुधा त्यांनाच पाठवले जाते.